नाशिकच्या नावाचं डॉट कॉम घेऊन ठेवलंय, विकलं तर किती येतील?

सिंहस्थ जवळ यायला लागल्यापासून आमच्या नाशकात दोन गोष्टींच्या भावाची चर्चा जोरात आहे, एक म्हणजे गावाबाहेरच्या जमिनी आणि दुसरं, हसू नका, वेबसाइटची नावं. माझ्या मावसभावाने गेल्या दीड वर्षात चाळीस नावं घेऊन ठेवलीत. नाशिक प्लॉट्स, नाशिक मिसळ, कुंभ हॉटेल, सातपूर गाळे, त्र्यंबक टॅक्सी असल्या धर्तीची, सगळी इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणि शेवटी डॉट कॉम नाहीतर डॉट इन. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "दादा, एका साइटवर टाकून बघितलं तर माझ्या एका नावाची किंमत एक लाख चाळीस हजार दाखवतेय, मग चाळीसची मिळून किती?" आणि खाली एक्सेल शीट, त्यात शेवटच्या ओळीला बेरीजसुद्धा मारलेली.

मी छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट बनवतो, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो, पुढच्याला लिंक पाठवली की झालं.

आधी हे विकायचं म्हणजे नक्की काय

डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, एवढंच. तो कोणाच्या मालकीचा कधीच नसतो, भाडेपट्ट्यावर असतो. वर्षाला पैसे भरायचे, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे भरता येतात, आणि भरायचे विसरलात तर थोडी मुदत मिळते आणि मग ते नाव पुन्हा बाजारात. म्हणजे तुम्ही विकता तो पत्ता नसतो, त्या पत्त्यावर बसायचा तुमचा हक्क असतो. बाजारातल्या गाळ्याची पागडी घेतल्यासारखं.

ज्या डोमेनमध्ये गावाचं, शहराचं, देशाचं नाव असतं त्याला या धंद्यातले लोक जिओ डोमेन म्हणतात (सिमकार्डाशी संबंध नाही). त्याच्या दोन जाती. एक नुसतं गावाचं नाव, आणि दुसरी गाव अधिक धंदा. पहिल्या जातीतलं काही आता तुम्हाला साध्या भावात मिळणार नाही, मोठ्या शहरांची नुसती डॉट कॉम नावं कधीच गेली. डॉट इन २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, त्यातलीही गेली. आपल्यासारख्यांच्या हातात जे पडतं ते दुसऱ्या जातीतलं, त्यामुळे बोलणार ते मुख्यतः त्याबद्दलच.

मिसळ प्रसिद्ध, पण पैसा प्लॉटमध्ये

मावसभावाला वाटत होतं की त्याचं सगळ्यात भारी नाव म्हणजे नाशिक मिसळवालं. कारण उघड आहे, मिसळ म्हटलं की नाशिक, रविवारी सकाळी गंगापूर रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही. पण नावाची किंमत गावाच्या प्रसिद्धीवर ठरत नाही आणि पदार्थाच्या तर नाहीच नाही. ते नाव ज्याला विकत घ्यायचंय, त्याला एका नवीन गिऱ्हाइकामागे किती सुटतात, सगळा खेळ तिथे आहे.

आता हिशोब धरू, आकडे मी सोयीसाठी घेतलेत. मिसळवाल्याला एका प्लेटमागे खर्च जाऊन पंचवीस रुपये सुटतात म्हणू. प्लॉटचा एजंट तीस लाखांच्या व्यवहारावर दोन टक्के घेतो, म्हणजे साठ हजार. एजंटला त्या नावामुळे वर्षात एक, फक्त एक जास्तीचा व्यवहार मिळाला, तर तेवढेच पैसे कमवायला मिसळवाल्याला चोवीसशे प्लेटा जास्त विकाव्या लागतील, आणि त्यासुद्धा "मी वेबसाइट बघून आलो" असं म्हणणाऱ्या माणसांना. मिसळ खायला कोण वेबसाइट बघून जातं? वास आला की जातो, गर्दी दिसली की जातो.

म्हणून नाव हातात आलं की मी पहिला प्रश्न विचारतो, हा धंदा करणारा माणूस एका गिऱ्हाइकासाठी किती खर्च करायला तयार आहे. हे बघायला गुगलच्या जाहिरातवाल्या बाजूला कीवर्ड प्लॅनर नावाचं साधन आहे, तिथे कळतं की अमुक शब्द महिन्याला साधारण किती वेळा शोधला जातो आणि त्या शब्दावर जाहिरात दाखवायला लोक एका क्लिकचा काय भाव लावतात. शोध भरपूर पण क्लिकचा भाव दोन-चार रुपये, तर समजायचं की बघणारे खूप आणि पैसे देणारा कोणी नाही. शोध कमी पण क्लिकचा भाव चांगला असेल तर मला ते नाव जास्त आवडतं. प्लॉट, फ्लॅट, आयव्हीएफ, दातांचे डॉक्टर, हॉटेल बुकिंग, पॅकर्स अँड मूव्हर्स हे पैसेवाले शब्द. ट्रेकिंग, कविता, फोटो, सुविचार हे कौतुकाचे.

दुसरा प्रश्न असा की त्या गावात असे धंदेवाले किती. एकच असेल तर तो तुम्हाला दमात घेणार, पन्नास असतील तर एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जाता येतं. गोव्याच्या नावाला भाव का येतो तर व्हिला भाड्याने देणारे, स्कूटर भाड्याने देणारे, लग्न लावून देणारे असे हजारोंनी लोक तिथे गिऱ्हाईक बाहेरून आणतात, आणि बाहेरचं गिऱ्हाईक इंटरनेटवरच शोधतं. याउलट ज्या तालुक्याच्या गावात सगळे एकमेकांना नावाने ओळखतात तिथल्या हार्डवेअरवाल्याला वेबसाइटची गरज नाही, त्याला गुगल मॅपवर दुकान दिसलं की पुरे.

"पण लास वेगासचं नाव म्हणे नऊ कोटी डॉलरला गेलं"

हे उदाहरण प्रत्येक जण तोंडावर फेकतो. खरं आहे ते, पण पूर्ण ऐका. अमेरिकेत वेगास डॉट कॉम नावाची हॉटेल आणि शोची तिकिटं विकणारी कंपनी होती, तिने २००५ मध्ये लासवेगास डॉट कॉम घेतलं. सुरुवातीला १ कोटी २० लाख डॉलर रोख आणि पुढे दर महिन्याला हप्ते, ते पार २०४० पर्यंत. सगळी बेरीज नऊ कोटींच्या आसपास जाते. हे बाहेर आलं २०१५ मध्ये, कंपनी विकली जाताना कागदपत्रं उघड झाली तेव्हा.

तर पहिली गोष्ट, पस्तीस वर्षांत येणारे नऊ कोटी म्हणजे आजचे नऊ कोटी नव्हेत. आजोबांनी "मी हे घर तीस हजारात बांधलं" म्हटल्यावर आपण कसं मनातल्या मनात भागाकार-गुणाकार करतो, तसाच इथे उलटा करायचा. आणि दुसरी, लास वेगासला वर्षाला चार कोटींच्या आसपास माणसं जातात, त्यातला जवळपास प्रत्येक जण खोली आणि काही ना काही तिकीट काढतो आणि प्रत्येक तिकिटात विकणाऱ्याचं कमिशन. म्हणजे पुन्हा तेच आलं, गिऱ्हाइकामागे किती सुटतात आणि अशी गिऱ्हाइकं किती.

कोरिया डॉट कॉम २००० साली पन्नास लाख डॉलरला गेलं होतं, तेही लोक सांगतात. पण तो डॉटकॉमच्या फुग्याचा काळ होता, इंटरनेटवाल्या कंपन्यांचे भाव वारेमाप फुगलेले, तेव्हाच्या भावावरून आजचा भाव काढणं म्हणजे लग्नसराईतल्या झेंडूच्या भावाने वर्षभराचं बजेट मांडणं.

टूलने सांगितलेली किंमत म्हणजे रेडी रेकनर

आता ते एक लाख चाळीस हजार. डोमेन विकणाऱ्या मोठ्या साइटवर फुकट किंमत सांगणारी टूल्स असतात, नाव टाकलं की दोन सेकंदांत आकडा. ते टूल बघतं अक्षरं किती, शब्द ओळखीचे आहेत का, शेवट डॉट कॉम आहे का, तसली नावं पूर्वी कितीला गेली. वाईट नाही, पण ते सरकारी रेडी रेकनरसारखं आहे. रेडी रेकनर म्हणतो तुमच्या गल्लीत चौरस मीटरचा दर अमुक, आता तुमचं घर उताराला आहे, पावसाळ्यात पाणी शिरतं, समोर विजेची डीपी आहे, हे त्याला माहीत नसतं. टूलला तर मराठी गावांची नावंही धड कळत नाहीत, कुठला शब्द कुठे तुटतो हे त्याला इंग्रजीवरून समजतं, पिंपळगाव की पिंप आणि लगाव, त्याला काय फरक.

त्यापेक्षा प्रत्यक्ष झालेले व्यवहार बघा. नेमबायो नावाची एक साइट आहे जिथे जाहीर झालेल्या विक्रीच्या किमती साठवलेल्या आहेत. आपल्या नावासारखी नावं शोधायची, म्हणजे तेवढ्याच आकाराचं शहर, तसाच धंदा, तोच शेवट आणि शक्यतो गेल्या तीन-चार वर्षांतली विक्री. आणि हो, लोकांनी लावलेली किंमत बघू नका, झालेली विक्री बघा. जुना फ्रिज विकायच्या ॲपवर कोणीही पंचवीस हजार लिहू शकतो, फ्रिज शेवटी सहा हजारालाच जातो. गुपचूप झालेले बरेच सौदे तिथे नोंदलेच जात नाहीत ही त्यातली अडचण आहे, पण अंदाजाला पुरतं.

माझं स्वतःचं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे नाशिकमधल्या एका प्रकारच्या हॉटेलांचं चांगलं नाव होतं. एका हॉटेलवाल्या काकांनी विचारलं केवढ्याला देतो, मी टूल उघडून दाखवलं, तीन लाख. काकांनी चहाचा कप खाली ठेवला, शांतपणे मोबाईल काढला, त्याच नावाच्या पुढे इंग्रजी "द" लावून बघितलं, मिळत होतं, आणि माझ्यासमोर आठ-नऊशे रुपयांत घेऊन टाकलं. वर म्हणाले, "चहा घे रे अजून." मी तेव्हा चाळीस हजार म्हटलं असतं तर त्यांनी बहुतेक दिले असते, कारण त्यांना ते नाव आवडलं होतं हे चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हापासून नाव बघताना मी आधी हे बघतो की समोरच्याला याच्याऐवजी दुसरं काय स्वस्तात मिळेल. गाव अधिक धंदा या जातीत पर्याय नेहमी असतोच, अनेकवचन करा, डॉट इन घ्या, पुढे शब्द लावा. तुमच्या नावाची वरची मर्यादा तिथे ठरते.

एक सावधगिरी इथेच सांगतो. "तुमचं डोमेन घ्यायला आमच्याकडे परदेशी पार्टी तयार आहे, फक्त अमुक ठिकाणाहून किंमतीचं सर्टिफिकेट काढून द्या" असा मेल आला तर सरळ डिलीट. पार्टी वगैरे काही नसते, सर्टिफिकेटची फी हाच त्यांचा धंदा.

एका एचची किंमत

आपल्या गावांच्या इंग्रजी स्पेलिंगचा घोळ हा वेगळा विषय आहे आणि इथे तो थेट पैशांत मोजला जातो. नाशिकमध्ये एच घालणारे आणि न घालणारे असे दोन्ही, जुन्या पाट्यांवर आणि पुस्तकांत एच नसलेलं सर्रास दिसतं. लोणावळ्याचं एक ए जास्त की कमी यावर तर हॉटेलवाल्यांचंच एकमत नाही. महाबळेश्वर टाइप करायचं म्हणजे तेरा अक्षरं. नियम सोपा, फोनवर एकदा सांगितलं आणि समोरच्याने न विचारता बरोबर लिहिलं तर नाव चांगलं. "एन फॉर नागपूर, मग ए, मग एस, नाही हो, एच पण आहे" असं सांगावं लागलं की किंमत तिथल्या तिथे उतरली. दोन्ही स्पेलिंगं तुमच्याकडे असतील तर जोडीनेच विका, एकेकटं विकू नका.

आणि देवनागरीतलं डोमेन? डॉट भारत २०१४ पासून आहे, मराठी, हिंदी, कोकणी सगळ्यांना चालतं. मला मनापासून आवडतं, पण पुन्हा विकण्यासाठी घेऊ नका. मराठी माणूस मराठीत बोलून शोधतो, मराठीत मेसेज करतो, पण पत्ता टाइप करायची वेळ आली की बोटं आपोआप इंग्रजी कीबोर्डवर जातात. घ्यायचंच तर स्वतः वापरायला घ्या.

गावाचंच नाव बदललं तर?

हा प्रश्न आपल्याकडे काल्पनिक नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झालं, त्याच वेळी उस्मानाबादचं धाराशिव, नंतर २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. प्रत्येक वेळी घोषणा झाल्या झाल्या लोकांनी नवीन नावांची डोमेनं पटापट उचलली. पण औरंगाबाद इंग्रजीत दहा अक्षरं, छत्रपती संभाजीनगर पूर्ण लिहिलं तर चोवीस, आणि त्याच्यापुढे फ्लॅट्स किंवा हॉटेल्स जोडा म्हणजे व्हिजिटिंग कार्डाची अख्खी ओळ गेली. मग कोणी नुसतं संभाजीनगर घेतं, कोणी सीएसएन, आणि गिऱ्हाईक नक्की काय टाइप करणार हे ठरायला वर्षं जातात.

जुन्या नावाची किंमत लगेच शून्य होते असंही नाही. मुंबई १९९५ मध्ये झाली तरी हायकोर्ट आणि आयआयटी अजून बॉम्बेच आहेत. आणि औरंगाबाद नावाचा एक जिल्हा बिहारमध्येही आहे, म्हणजे त्या नावाचं गिऱ्हाईक पूर्वीही वाटलेलंच होतं, हे भाव लावताना कोणाच्या लक्षातच येत नाही. माझं मत विचाराल तर नाव बदलल्यावर पहिली दोन-तीन वर्षं काही विकू नये आणि काही भारंभार घेऊही नये.

"गुगल असताना पत्ता टाइप कोण करतं?"

हा आक्षेप अर्धा बरोबर आहे. एके काळी शोधलेले शब्द जसेच्या तसे डोमेनमध्ये असले की गुगल वर आणायचं, त्यामुळे असल्या नावांना भयंकर मागणी होती. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने तो नियम बदलला, नुसतं नाव जुळतंय आणि आत माल हलका आहे अशा साइट खाली ढकलल्या. तेव्हापासून नुसत्या नावावर नंबर येईल ही आशा सोडा, आणि तसं सांगून कोणाला विकूही नका.

मग उरलं काय? रिक्षाच्या मागे, होर्डिंगवर, एफएमच्या जाहिरातीत एकदा वाचलं-ऐकलं की लक्षात राहणं. आणि अनोळखी माणसाला वाटणारा भरवसा. बाहेरगावचा माणूस दोन लिंक बघतो, एक शहराच्या नावाची सुटसुटीत आणि दुसरी भलतीच लांब, आकडे आणि डॅश असलेली, तर पहिल्यावर आधी बोट जातं. एवढ्याचेच पैसे मिळतात.

उद्या सरकार किंवा महापालिका नाव काढून घेईल का?

ब्रँडचं नाव आणि गावाचं नाव यात कायद्याने मोठा फरक आहे. २०२४ मध्ये दिल्लीच्या एका मुलाने जिओ आणि हॉटस्टार एकत्र येणार म्हणून दोन्ही नावं जोडून डोमेन आधीच घेतलं होतं आणि शिक्षणाचा खर्च मागितला होता, बातम्या आठवत असतील. तिथे दोन्ही शब्द दुसऱ्याचे ट्रेडमार्क, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात पेरणी. आपल्या सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच सांगितलंय की डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं.

गावाचं नाव मात्र सहसा कोणा एकाचं नसतं. बार्सिलोनाच्या महापालिकेने बार्सिलोना डॉट कॉमवर दावा केला होता, आधी लवादाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने तो फिरवला, शहराच्या नुसत्या नावावर ट्रेडमार्कचा हक्क नाही म्हणून. न्यूझीलंडच्या सरकारने देशाच्या नावाचं डॉट कॉम मागितलं, हरले, आणि २००३ मध्ये चक्क पाच लाख अमेरिकी डॉलर मोजून विकत घेतलं.

पण म्हणून निर्धास्त राहू नका. फ्रान्स डॉट कॉम एका माणसाने १९९४ पासून चालवलं होतं, फ्रेंच कोर्टातल्या निकालानंतर २०१८ मध्ये ते फ्रान्स सरकारकडे गेलं, एक पैसा न मिळता. तो अमेरिकेत कोर्टात गेला, पण दुसऱ्या देशाच्या सरकारवर अमेरिकेत असा खटला चालणार नाही म्हणून २०२१ मध्ये तिथेही दार बंद. म्हणजे निकाल कोणत्या देशाच्या कोर्टात लागतो यावर सगळं. आपल्याकडे मी एवढं पाळतो की महापालिका, पोलीस, देवस्थान यांच्या अधिकृत साइटसारखं वाटेल असं नाव घ्यायचं नाही, आणि पैठणी, कोल्हापुरी चप्पल असल्या जीआय (ठरावीक भागाच्या मालाच्या नावाला मिळणारं कायद्याचं संरक्षण) मिळालेल्या वस्तूंच्या नावाला हात लावण्याआधी वकिलाला विचारायचं.

चाळीस नावांचा हिशोब

आता मावसभावाची एक्सेल शीट. एका नावाला वर्षाचे बाराशे धरले तर चाळीसचे अठ्ठेचाळीस हजार. या धंद्यात जुने लोक सांगतात की शंभर नावं असतील तर वर्षाला एखाद-दुसरंच विकलं जातं. शंभरात एक धरलं तर चाळीस नावांतलं एक विकायला सरासरी अडीच वर्षं, आणि अडीच वर्षांत भाडं गेलं एक लाख वीस हजार. म्हणजे ते एक नाव त्याच्या खाली गेलं तर घरचे पैसे घालवले. त्याने बेरीज केली होती चाळीसच्या चाळीस नावं उद्या विकली जातील असं धरून.

रविवारी तो घरी आला आणि आम्ही एकेक नाव घेऊन बसलो. प्रत्येकाला तीन आकडे लिहिले, घाईत विकायचं झालं तर किती, गिऱ्हाईक स्वतः चालत आलं तर किती, आणि स्वस्तातला पर्याय केवढ्याला. पहिला आकडा बहुतेक ठिकाणी शून्य आला, तो जरा गप्प झाला. नाशिक प्लॉट्ससारखं एक नाव होतं त्याला आम्ही पस्तीस ते साठ हजार लिहिले, त्याच्या टूलवाल्या एक लाख चाळीसच्या निम्म्याहून कमी, पण शहरात एजंट पुष्कळ आहेत म्हणून थांबायला हरकत नाही. त्र्यंबक टॅक्सीला पाच ते दहा हजार.

कुंभाच्या नावांवर वाद झाला. मी म्हटलं विकू नको, भाड्याने दे. मागचा सिंहस्थ २०१५ ला झाला, आता मुख्य स्नानं २०२७ ला, मग पुन्हा बारा वर्षं शांतता, त्यामुळे कायमचं घ्यायला कोण कशाला पैसे देईल, पण वर्षभरासाठी लॉजवाले देतील. नाव त्याच्याच खात्यात राहील, फक्त साइट त्यांची उघडेल. आणि जे विकेल त्याचे पैसे एस्क्रोमार्फतच, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे सांभाळणाऱ्या मधल्या तिसऱ्यामार्फतच घ्यायचे, पैसे तिथे जमा झाल्याशिवाय नाव दुसऱ्याच्या खात्यात हलवायचा ट्रान्सफरचा कोड कोणाला द्यायचा नाही, हे त्याला दोनदा बजावलं.

संध्याकाळपर्यंत चाळीसातली नऊ उरली, बाकीची मुदत संपली की सोडायची ठरलं. मिसळवाल्या नावापुढे मी काट मारली तर त्याने पेन हातातून घेतलं. "दादा, हे राहू दे, वर्षाला बाराशे रुपये काय, दहा-बारा प्लेटा कमी खाईन."